पंचवटीचा पास, नऊ वर्षं आणि टेलिपोर्टेशनचा प्रश्न

गेली नऊ वर्षं माझ्याकडे नाशिकरोड ते मुंबईचा पास आहे आणि पंचवटी एक्स्प्रेसबद्दल मी आजवर कुठे एक ओळ लिहिलेली नाही. लिहायला लावलं ते भाच्यानं. तो बारावीला आहे. दोन आठवड्यांपूर्वी रविवारी जेलरोडला आमच्याकडे जेवायला आला होता. मी सोमवारच्या डब्यासाठी गवार मोडत बसले होते. तो म्हणाला, "मावशी, टेलिपोर्टेशन आलं की तुझं पहाटे साडेचारला उठणं बंद. इथे दारात उभी राहायचीस, परळला निघायचीस. मग पंचवटीनं कोण जाईल गं?"

मला हा प्रश्न मनापासून आवडला. मी बी.एस्सी. फिजिक्सची, आणि आठवड्यातले तीन दिवस रोज सातेक तास गाडीत काढते. असं यंत्र निघालंच तर रांगेत पहिली मीच असायला हवी. त्यामुळे हा अभिप्राय गाडीचा आहेच, पण तिच्या जागी ते यंत्र येऊ शकेल का, हेही त्यात बघणार आहे.

आधी गाडी. १९७५ पासून पंचवटी धावते. मनमाडहून सकाळी सहाच्या सुमारास निघते, नाशिकरोडला सातला येते आणि सव्वादहा-साडेदहाला मी दादरला उतरते. संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून सुटते, मी दादरला चढते आणि पावणेदहापर्यंत नाशिकरोडच्या पुलावर असते. २०१८ पासून नवे, जर्मन आराखड्याचे एलएचबी डबे आहेत. जुन्या डब्यांपेक्षा हादरे खूप कमी बसतात आणि पुस्तक वाचता येतं. ज्याला सकाळी जाऊन रात्री घरच्या ताटावर बसायचं आहे त्याच्यासाठी या वेळा नेमक्या आखलेल्या आहेत. आता वंदे भारत आहेत, समृद्धी आहे, टॅक्स्या तर कायमच्याच. तरी रोजच्या माणसासाठी मी अजूनही पंचवटीचंच नाव घेईन.

आमच्या डब्यात हायकोर्टातले कारकून आहेत, मंत्रालयातले आहेत, दोन नर्स आहेत, झवेरी बाजारात काम करणारे एक काका आहेत. हिवाळ्यात परतीच्या गाडीत शिंदेताई मटार सोलायला घेतात. पिशवी मधल्या सीटवर उघडी ठेवतात आणि कुणी न सांगता चार हात त्यात जातात. शहाडच्या पुढे गेलो की शेंगांचा तो हिरवा, ओलसर वास पसरतो आणि आसनगावपर्यंत दोन किलो मटार डब्यात भरलेले असतात. दसऱ्याला गाडीला झेंडूचे हार लागतात. कुणाच्या घरी बारसं असलं तर पेढे सातच्या आधी फलाटावरच वाटले जातात. नवीन माणूस आला की पहिले आठ दिवस त्याला उभं राहावं लागतं, नवव्या दिवशी कुणीतरी सरकून बसतं. पहिल्या वर्षी मला हे सगळं घाईत नको वाटायचं. आता सुट्टीच्या दिवशी त्यावाचून चुकल्यासारखं होतं.

२०२० नंतर या डब्यातले बरेच चेहरे दिसेनासे झाले. त्यांची नोकरी गेली नाही, ती घरी आली. दोन आयटीवाले, एक अकाउंटंट, एक भाषांतर करणाऱ्या बाई. फाइल, सही, मीटिंग, हिशेब, जे जे तारेवरून जाण्यासारखं होतं ते गेलं आणि माणूस नाशकातच राहिला. माझ्या मते माणसाच्या वाट्याला येण्यासारखं जेवढं टेलिपोर्टेशन आहे, ते हेच. आणि ते येऊनही गेलं. उरलो ते आम्ही, ज्यांना हात घेऊन जावं लागतं. नर्सला सुई टोचायची असते. झवेरी बाजारातल्या काकांना दागिना हातावर तोलून बघायचा असतो.

माझंही तेच. मी एका प्रयोगशाळेत कॅलिब्रेशनचं, म्हणजे मोजायची साधनं बरोबर मोजतात का ते ताडून बघण्याचं काम करते: वजनं, दाबमापक, थर्मामीटर. रिपोर्ट घरून लिहिते, मोजमाप घरून होत नाही. या कामातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. २० मे २०१९ पर्यंत जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ काचेखाली ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता आणि प्रत्येक देशाची प्रत अधूनमधून त्याच्याशी ताडून बघायला प्रवास करून न्यावी लागायची. त्या दिवसापासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर बांधला गेला. आता व्याख्या कुठेही पाठवता येते. पण आमच्याकडे येणारी वजनं आजही मखमलीच्या खाचेत, लाकडी पेटीतून, कुणाच्या तरी मांडीवर बसून येतात. त्यांना बोटाचा डाग लागला तरी आकडा बदलतो, म्हणून चिमट्यानं उचलावी लागतात. माहिती आणि वस्तू यांच्यातला फरक मी रोज चिमट्यात धरते.

आता यंत्राकडे. क्वांटम टेलिपोर्टेशन खरं आहे, हे भाच्याला मी पहिल्याच दमात सांगितलं. १९९३ मध्ये चार्ल्स बेनेट आणि पाच सहकाऱ्यांनी ते कागदावर मांडलं. १९९७ मध्ये ऑस्ट्रियात इन्सब्रुकला अँटोन झाइलिंगर यांच्या गटानं ते प्रकाशकणांवर करून दाखवलं. झाइलिंगर यांना २०२२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. २००४ मध्ये ते अणूंवर झालं. २०१२ मध्ये कॅनरी बेटांवर ला पाल्मा ते टेनेरीफ असं १४३ किलोमीटरचं अंतर गाठलं. नाशिकरोडहून रुळांनी मोजलं तर हे अंतर डोंबिवली ओलांडून दिव्याच्या आसपास पोचतं. २०१७ मध्ये चीननं जमिनीवरून उपग्रहापर्यंत, १४०० किलोमीटरपर्यंत ते नेलं.

हे ऐकून त्याचे डोळे चमकले. पण या प्रत्येक वेळी पोचलं काय? कण नाही. कणाची अवस्था, म्हणजे तो कसा आहे ही माहिती, पोचली. पलीकडे दुसरा कण आधीच हजर होता, त्याला पहिल्याची अवस्था मिळाली, एवढंच. आणि ते व्हायला आधी एकमेकांत गुंतलेल्या, म्हणजे एकाची अवस्था दुसऱ्याशी बांधलेली असते अशा दोन कणांची जोडी लागते. तिच्यातला एक इथे, एक तिथे. तो तिथे कसा जातो? साध्या वाटेनं, हवेतून नाहीतर फायबरमधून. म्हणजे टेलिपोर्टेशनच्या आधी नेहमीचा प्रवास झालेलाच असतो. मग इथे मोजमाप करायचं आणि त्याचा निकाल, दर क्यूबिटमागे (क्वांटम माहितीच्या एका एककामागे) दोन बिट, नेहमीच्या मार्गानं तिकडे कळवायचा. तो निरोप पोचल्याशिवाय तिकडचा कण उपयोगाचा नाही आणि निरोप प्रकाशाहून वेगानं जात नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पंचवटीत एटीएम बसवून चाचणी झाली, तेव्हा आमच्या डब्यात सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न हाच होता की इगतपुरी-कसाऱ्याच्या बोगद्यांत रेंजचं काय. नोटा यंत्रात भरलेल्या असल्या तरी निरोप जायला हवा. भाच्याला हे उदाहरण लगेच कळलं.

दुसरी अट मला माझ्या वडिलांमुळे कळली आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते. वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. आमच्याकडे सगळे नुसतं "प्रेस" म्हणतात. ते सांगायचे, छपाईत एखादी नोट खराब निघाली की तिच्या जागी त्याच नंबरची चांगली नोट घालायची, म्हणजे क्रम तुटत नाही. पुढे २००६ पासून अशा बदली नोटांवर नंबरात तारा यायला लागला, पण त्यांच्या काळात तसंच होतं. आणि ते बोट वर करून बजावायचे, "खराब नोट आधी नष्ट झाली पाहिजे. एका नंबरच्या दोन नोटा एक क्षणही जगात असता कामा नयेत."

क्वांटमचा नियमही हेच सांगतो. अनोळखी अवस्थेची नक्कल करता येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झालं. टेलिपोर्टेशनमध्ये पलीकडे अवस्था उमटते, तेव्हा अलीकडची मोडलेली असते. गंमत म्हणजे याच नियमावर कधीही बनावट करता येणार नाही अशा नोटेची कल्पना स्टीफन वीझनर यांनी त्याच्याही आधी मांडली होती; ती १९८३ मध्ये छापून आली. वडिलांना हे सांगायचं राहून गेलं. त्यांना फार आवडलं असतं.

म्हणजे माणसाला असं पाठवायचं तर नाशिकरोडच्या फलाटावरची मी संपायला हवी आणि दादरला ठेवलेल्या कार्बन, ऑक्सिजन, कॅल्शियमच्या साठ्यातून मी उभी राहायला हवी. ती मीच का? मला अजून पक्कं उत्तर सापडलेलं नाही आणि मी या प्रश्नाला हलका मानत नाही. पण त्याच्याही आधी हिशेबच आडवा येतो. माणसाच्या शरीरात सुमारे ७ वर २७ शून्यं इतके अणू असतात. सेकंदाला कोटी कोटी अणूंची माहिती पाठवली, म्हणजे एक कोटी गुणिले एक कोटी, तरी एक माणूस पाठवायला २२ लाख वर्षं लागतात. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये मेंदूतल्या माहितीसकट असाच हिशेब केला होता. त्यांचं उत्तर विश्वाच्या वयाच्या साडेतीन लाख पट आलं. आणि आपलं शरीर उबदार, ओलं, सतत हलणारं. प्रयोगशाळेत एका कणाची नाजूक अवस्था टिकवायला केवढा आटापिटा करावा लागतो. श्वास घेणाऱ्या माणसाच्या सगळ्या अणूंना एकाच क्षणी तसं धरून ठेवायचं कसं, याची वाटसुद्धा आज कुणाच्या हाती नाही.

माझं मत स्पष्ट आहे. हे तंत्र क्वांटम संगणक एकमेकांना जोडायला कामी येईल, गुप्त संदेशांना कामी येईल. भारतानंही २०२३ मध्ये क्वांटम मिशनसाठी ६००० कोटींहून अधिक मंजूर केले आणि ते योग्यच केलं. पण माणसाचा प्रवास त्यानं बदलणार नाही. लासलगावचा कांदा आणि दिंडोरीची द्राक्षंसुद्धा त्यानं जाणार नाहीत.

एवढं ठामपणे लिहूनही एक रात्र आहे, ती लिहिल्याशिवाय हा अभिप्राय खरा होणार नाही.

सहा वर्षांपूर्वीचा जुलै. वडील मुंबईत हॉस्पिटलमध्ये होते, भाऊ जवळ होता. मी दोन दिवस राहून मुलाच्या परीक्षेसाठी परत आले होते. रात्री सव्वाला भावाचा फोन आला, "ताई, निघ." त्या वेळी गाडी नव्हती. नाशिकच्या द्वारका चौकातून एका टॅक्सीत बसले. पाऊस असा की काचेवरचा वायपर फिरतोय की नाही ते कळेना. इगतपुरीच्या पुढे समृद्धीचा रस्ता तेव्हा झालेला नव्हता, तो ५ जून २०२५ ला सुरू झाला. कसारा घाटात एक ट्रेलर आडवा झाला होता आणि आम्ही पावणेदोन तास एका जागी उभे होतो. फोनला रेंज नव्हती. पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीवर पिवळ्या रंगात "पुन्हा भेटू" लिहिलं होतं आणि ते ब्रेकच्या लाल दिव्यात एकदा दिसायचं, एकदा जायचं. शेजारच्या ट्रकवाल्यानं थर्मासच्या झाकणातून चहा दिला. तो मी प्यायले की नाही, आठवत नाही.

मी पोचले सहा वाजून दहा मिनिटांनी. वडील चार चाळीसला गेले होते. हात अजून पूर्ण गार झालेला नव्हता.

त्या रात्री ते यंत्र असतं तर मी आत पाऊल टाकलं असतं. पलीकडे उतरणारी मीच आहे का, हे विचारलंही नसतं. त्यांच्यासमोर जी उभी राहिली असती तिला त्यांनी ओळखलं असतं, मला तेवढं पुरलं असतं. भाच्याला मी हेही सांगितलं, कारण त्याचा प्रश्न खरा होता आणि त्याला अर्धं उत्तर द्यायचं नव्हतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, मला एकदा तुझ्याबरोबर यायचंय. तुझी गाडी बघायचीय."

मागच्या शुक्रवारी त्याला घेऊन गेले, आरक्षणाचं तिकीट काढून. तुम्ही पहिल्यांदाच जाणार असाल तर तुम्हीही तेच करा, आणि पासधारकांच्या डब्यात चढू नका, तिथे तिकीटवाल्याला उठावं लागतं. पावसाळ्यात जाणार असाल तर खिडकी घ्या. इगतपुरी सोडल्यावर ढग खिडकीच्या खाली असतात. घरून डबा न्या. घाटात पाऊस जास्त झाला की गाडीला उशीर होऊ शकतो, त्या दिवसांत दुपारी बारानंतरची कामं ठरवा.

परतताना कसाऱ्याला गाडी थांबली. इथे मागून बँकर इंजिनं लागतात, कारण पुढच्या घाटात दर ३७ मीटरला १ मीटर चढ आहे. एवढ्या चढाला पुढचं इंजिन एकटं पुरत नाही, मागून ढकलावं लागतं. हा मार्ग १८६५ पासून आहे आणि चढ तेव्हाही एवढाच होता. भाच्याला मी म्हटलं, पाण्याच्या बाटलीकडे बघ. तो बघत राहिला. आधी लांबून एक ठोका ऐकू आला, मग एकेका डब्यातून पुढे येत तो आमच्या सीटखाली पोचला आणि बाटलीतल्या पाण्यावर एक गोल उमटला. शिंदेताई त्याला बघायला मुद्दाम आमच्या डब्यात आल्या होत्या. त्यांनी बाटली धरली आणि म्हणाल्या, "लागला बघ बँकर. आता वर जाऊ."

त्यानं माझ्या वहीचं मागचं पान घेतलं. कसारा ते इगतपुरी चढ सुमारे ३०० मीटर, मावशीचं वजन ५८ किलो. त्याचं उत्तर आलं १ लाख ७० हजार ज्यूल. म्हणजे मला घाटावर उचलायला निखळ हिशेबानं विजेच्या एका युनिटचा विसावा भागही लागत नाही. त्यानं ते दोनदा तपासलं. मग त्यानं दुसरी वाट धरली: कण पाठवणं जमत नाही ना, मग सगळ्या शरीराची ऊर्जा करून पाठवू. आइन्स्टाइनच्या सूत्रात ५८ किलो घातले आणि इगतपुरी येईपर्यंत शून्यं मोजत राहिला. उत्तर आलं १ लाख ४५ हजार कोटी युनिट. आपल्या सगळ्या देशात वर्षभरात साधारण पावणेदोन लाख कोटी युनिट वीज तयार होते, हे मी त्याला सांगितलं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"आणि आपल्या एकलहऱ्याला?" त्यानं विचारलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. देवळाली गेलं तरी तो गुणाकारातच होता. घोटीचे काका, ज्यांची आमची सकाळी रोज भेट होते, उतरताना त्याच्या डोक्यावर हात ठेवून गेले होते, तेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. मी भात टाकला. तो वही घेऊन सरळ गच्चीवर गेला, कारण आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या चिमण्यांचे लाल दिवे दिसतात. पाच मिनिटांनी वरूनच ओरडला, "मावशी, तिन्ही संच एक मिनिटही न थांबता चालवले तरी दोनशे साठ वर्षं लागतील गं, तुला एकदा दादरला पाठवायला!"

मी त्याला जेवायला खाली बोलावलं. सोमवारच्या डब्याला पुन्हा गवारच होती, ती मोडायची राहिली होती. जेवण झाल्यावर तो माझ्या शेजारी बसला आणि निम्मी गवार त्यानं मोडली.